आधी प्रबंध, मग लग्न?

पीएच.डी.ला नोंदणी झालेल्या मुलाने किंवा मुलीने लग्नाचा विषय काढला, की घरातून, विभागातून आणि मित्रमंडळीतून येणारा सल्ला एकच असतो: आधी प्रबंध सादर कर, मग बाकीचे बघ. सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो आणि त्यांच्यापाशी कारणेही असतात. फेलोशिपवर संसार चालत नाही. संशोधनाला एकाग्रता लागते, ती लग्नाने मोडते. मुलगी असेल तर तिचा प्रबंध लग्नानंतर हमखास रखडतो. आणि दोन-तीन वर्षांचाच तर प्रश्न आहे, तेवढे थांबायला काय हरकत? हा पक्ष कच्चा नाही, त्यामुळे त्याला बगल देऊन पुढे जाता येणार नाही. तरीही माझे म्हणणे असे आहे की, दोघांची मनापासून तयारी असेल तर संशोधनाच्या काळात खुशाल लग्न करावे. प्रबंध रखडतो तो लग्नामुळे नाही. घरकामाची विषम वाटणी आणि तिशीतल्या संशोधकालाही अजाण विद्यार्थी समजणारी व्यवस्था, ही त्याची खरी कारणे आहेत.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे सगळे त्याच्याच आधाराने उभे आहेत. दोन-तीन वर्षे थांबायचे, हा हिशेब कागदावरसुद्धा बसत नाही. पदव्युत्तर शिक्षण संपते तेव्हा वय तेविसाच्या आसपास असते. मग नेट किंवा सेट, विद्यापीठाची प्रवेश परीक्षा (पेट), मुलाखत, मार्गदर्शकाकडे जागा रिकामी होण्याची वाट, यात वर्ष-दोन वर्षे सहज जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ची मुदत कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षे आणि कमाल सहा वर्षे आहे; पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन वर्षे मिळू शकतात. मौखिकी होऊन पदवी हातात पडेपर्यंत अनेकांची तिशी आलेली असते. त्या दिवशीही थांबणे संपत नाही, कारण सल्ल्याचा पुढचा भाग तयार असतो: आता नोकरी लागू दे. महाराष्ट्रातल्या वरिष्ठ महाविद्यालयांत पूर्णवेळ सहायक प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवून तासिका तत्त्वावर (सीएचबी) शिकवून घेण्याची रीत पडली आहे. सीएचबीवर शिकवणाऱ्याला घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात, सुट्टीत हात रिकामा राहतो आणि पुढच्या वर्षी नेमणूक मिळेलच याची हमी कोणी देत नाही. म्हणजे ज्या स्थैर्यासाठी थांबायला सांगितले जाते, ते या मार्गाने चालणाऱ्या बहुतेकांना पस्तिशीपर्यंतही मिळत नाही. पूर्ण होण्याची काही खात्रीच नसलेली अट कोणाच्या आयुष्यावर घालणे, याला मी सावधपणा म्हणणार नाही.

शिवाय हे थांबणे सगळ्यांना सारखे पडत नाही. मुलाला थांबण्याची किंमत लग्नाच्या बाजारात मोजावी लागते. वधू-वर सूचक मंडळाच्या यादीत ‘संशोधन चालू’ असे लिहिलेला बायोडाटा पगाराचा आकडा असलेल्या बायोडाट्याखाली सरकतो. मुलीची गोष्ट याहून अवघड. तिच्यापेक्षा जास्त शिकलेलाच मुलगा हवा, हा आग्रह अजून सुटलेला नाही, आणि पीएच.डी. होत आलेल्या मुलीपेक्षा जास्त शिकलेला मुलगा आणायचा कुठून? तिच्या घरात ती थांबली तरी स्थळे थांबत नाहीत. दर सुट्टीत पाहुणे येतात, दर दिवाळीत विषय निघतो. जिने आपला जोडीदार आधीच निवडला आहे आणि तो दुसऱ्या जातीचा आहे, तिच्यासाठी तर ‘प्रबंध झाल्यावर बघू’ याचा अर्थ घरच्यांना दुसरे लग्न जुळवण्यासाठी दिलेली मुदत, असाच होतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे लग्न करायचे तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते. तेवढे तीस दिवसही काही जोडप्यांना जिवावर उदार होऊन काढावे लागतात. त्यांना आणखी पाच वर्षे थांबा म्हणणाऱ्याने आपण काय सांगतो आहोत याचा विचार केला पाहिजे.

आता पैशाचा मुद्दा. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाची फेलोशिप (जेआरएफ) दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ संशोधकाची (एसआरएफ) ४२,००० रुपये झाली. त्यावर नियमाप्रमाणे घरभाडे भत्ता मिळतो. फेलोशिप एकूण पाच वर्षांची, प्रबंधाची मुदत सहा वर्षांची, म्हणजे शेवटचे वर्ष कोरडे जाण्याची शक्यता नियमातच लिहिलेली आहे. त्यात ही रक्कम दर महिन्याला येईलच असे नाही, अनेकांना फेलोशिप मुळातच नसते, आणि बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी विद्यार्थ्यांना मुंबईच्या आझाद मैदानात आंदोलन करत बसावे लागले आहे. हे सगळे मान्य. पण यातून निघणारा निष्कर्ष फेलोशिप वेळेवर आणि पुरेशी द्या, हा आहे. लग्न करू नका, हा नाही. पुण्यात कॉट बेसिसवर राहणारा आणि मेसचा डबा खाणारा एकटा संशोधकही खर्च करतोच. दोघांनी मिळून एक खोली घेतली, एक स्वयंपाकघर चालवले, तर खर्च दुप्पट होत नाही, आणि दोघांपैकी एकाची मिळकत नियमित असेल तर फेलोशिप अडकलेले चार महिने निभावतात. न परवडणारी गोष्ट निराळी आहे. कार्यालय, कपडे, मानपान, आहेर आणि पंक्ती यांचे लग्न संशोधकाला परवडत नाही, आणि त्यासाठी कर्ज काढणे शहाणपणाचेही नाही. महाराष्ट्राला साधे लग्न नवे नाही. सत्यशोधक समाज १८७३ च्या सप्टेंबरमध्ये स्थापन झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात पहिला सत्यशोधक विवाह अगदी थोड्या खर्चात लागला. नोंदणी विवाहाला आज काही कागद, तीन साक्षीदार आणि थोडी फी लागते. संसार परवडतो की नाही, हा हिशेब समारंभाचा खर्च वगळून करावा. मग आकडे बरेच वेगळे दिसतात.

‘बायकोच्या पगारावर जगणार का?’ हा प्रश्न या हिशेबात हमखास येतो. नवऱ्याच्या शिक्षणाचा भार बायकोने वाहिल्याची उदाहरणे आपल्या इतिहासात भरपूर आहेत. फक्त तो भार पगाराच्या रूपात दिसत नव्हता. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, नंतर लंडनला गेले, तेव्हा त्यांच्या पत्नी रमाबाई मुंबईत अत्यंत ओढगस्तीत घर चालवत होत्या. बाबासाहेबांनी आपला पाकिस्तानविषयीचा ग्रंथ त्यांच्या स्मृतीला अर्पण केला, यात त्या ऋणाची जाहीर कबुली आहे. हे उदाहरण मी लग्नाच्या समर्थनार्थ देत नाही, कारण रमाबाईंनी सोसले ते कोणाही स्त्रीच्या वाट्याला येऊ नये. पण बायकोच्या कष्टांवर नवरा शिकला तर तो त्याग ठरतो आणि तिच्या पगारावर शिकला तर नामुष्की, हा भेद कोणत्या न्यायाने करायचा?

एकाग्रतेच्या मुद्द्यामागे एक जुनी कल्पना आहे. विद्या म्हणजे तप आणि तपाला ब्रह्मचर्य हवे. प्रत्यक्षात संशोधकाचा दिवस कसा जातो ते पाहू. इतिहासाचा अभ्यासक पुण्याच्या पेशवे दफ्तरात बसतो. रुमाल सोडतो, मोडीतला एकेक कागद लावून नक्कल उतरवून घेतो; चार-पाच तासांनी डोळे साथ देईनासे होतात आणि संध्याकाळी कार्यालयाची वेळ संपली की उठावेच लागते. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवणाऱ्या मुलीला रविवारीही त्यांचे माध्यम बदलायला जावे लागते, पण ते काम आटोपले की तीही मोकळी असते. असे काम सहा वर्षे चालते. एवढा काळ माणूस फक्त काम करत राहू शकत नाही, आणि अविवाहित संशोधकही तसा राहत नाही. त्याचा वेळ मेसच्या रांगेत, घरच्या फोनवर, स्थळांच्या भेटीगाठींत आणि लपवून ठेवलेल्या प्रेमाच्या काळजीत जातो. ज्याच्याशी लग्न करायचे हे पक्के आहे, त्या माणसाला चोरून भेटण्यात जितके चित्त खर्च होते, तितके त्याच्याबरोबर एका छताखाली राहण्यात होत नाही. संशोधनात अपयश हे रोजचे असते. पेपर शेरे मारून परत येतो, सहा महिन्यांची आकडेवारी फुकट जाते, मार्गदर्शक प्रकरण तिसऱ्यांदा लिहायला सांगतात. त्या संध्याकाळी घरी कोणीतरी आपले असणे याचा प्रबंधाला उपयोगच होतो.

सर्वांत वजनदार आक्षेप मुलींविषयीचा आहे. लग्नानंतर मुलींचा अभ्यास सुटतो, हे निरीक्षण खरे आहे. त्याचे कारण मात्र चुकीच्या जागी शोधले जाते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात गेलेली दिसतात, तर असे काम करणाऱ्या पुरुषांची ९७. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ झाले. दोघांचीही मिनिटे थोडी घटली, पण मधले अंतर दोनशे मिनिटांवर जवळजवळ तसेच राहिले. आणि हे पुरुष म्हणजे मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष. २०१९ मध्ये ते शंभरात सव्वीसच भरले. रोजचे हे दोनशे मिनिटांचे अंतर, म्हणजे सव्वातीन तासांहून थोडा अधिक वेळ, ही वाचनालयातली एक पूर्ण बैठक. लग्नानंतर ही बैठक नवऱ्याची टिकते आणि बायकोची जाते, म्हणून तिचा प्रबंध मागे पडतो. हा लग्नाचा स्वभावधर्म असता, तर तो दोघांच्याही प्रबंधांत दिसायला हवा होता.

इरावती कर्वे यांचे उदाहरण इथे महत्त्वाचे वाटते. त्यांचे लग्न १९२६ मध्ये झाले आणि डॉक्टरेटसाठी त्या बर्लिनला गेल्या १९२८ मध्ये. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या महर्षींनाही हा बेत पसंत नव्हता. त्यांचे पती दिनकरराव यांनी मात्र तो मनावर घेतला आणि इरावतीबाई डॉक्टरेट करून परतल्या. त्यांच्या वाटेत जी अडचण आली ती एका मताची होती आणि नवऱ्याच्या निश्चयाने ती दूर झाली. दुसरे उदाहरण मंगला नारळीकर यांचे. गणितात एम.ए. करून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम सुरू केलेल्या मंगलाताईंचे लग्न झाले, केंब्रिजचे वास्तव्य झाले, तीन मुली झाल्या, आणि विश्लेषणात्मक अंकशास्त्रातली त्यांची पीएच.डी. १९८१ मध्ये पूर्ण झाली. तेव्हा त्या अडतीस वर्षांच्या होत्या. संसारात राहूनही उच्च दर्जाचे गणित होते, हे त्यांनी दाखवून दिले. पण ते इतक्या उशिरा व्हावे लागले, ही गोष्ट आपण कौतुकाच्या भरात विसरू नये.

नियम करणाऱ्यांनाही ही विषमता दिसते, पण ते ती गृहीत धरून चालतात. स्त्री संशोधकाला पूर्ण कालावधीत एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपनाची रजा मिळते, प्रबंधासाठी दोन वर्षांची जादा मुदत मिळते, आणि लग्नामुळे किंवा अन्य कारणाने गाव बदलले तर आपले संशोधन दुसऱ्या विद्यापीठात नेता येते. या तरतुदी चांगल्या आहेत, त्या हव्याच. पण गाव बदलणारी ती, मूल सांभाळणारी ती, हेच त्यांत गृहीत आहे. बाप होणाऱ्या संशोधकाच्या रजेचा त्यांत उल्लेख नाही. विवाहित संशोधकांसाठी निवासाची सोय आयआयटी मुंबईसारख्या मोजक्या संस्थांत आहे. राज्य विद्यापीठांच्या वसतिगृहांत संशोधक म्हणजे एका कॉटचा धनी, एवढीच कल्पना आहे. सल्ला देणाऱ्या प्राध्यापकांनी आपले वजन या गोष्टी बदलण्यासाठी वापरले, तर प्रबंध अधिक वेळेवर पूर्ण होतील.

एक आक्षेप सुधारणेच्या परंपरेतून येतो. आगरकरांच्या काळापासून लग्नाचे वय वाढावे म्हणून आपण झगडलो, १९२९ चा शारदा कायदा आणला, आजही महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या शंभरातल्या जवळजवळ बावीस स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाल्याचे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसते, आणि तुम्ही शिकणाऱ्यांना लग्न करा म्हणता? पण तो झगडा कोणाच्या वतीने होता? ज्यांना नाही म्हणण्याचा अधिकार नव्हता, त्या मुलींच्या वतीने. सत्तावीस वर्षांच्या संशोधिकेने स्वतः निवडलेल्या माणसाशी स्वतः ठरवलेल्या वेळी लग्न करणे, हे त्याच झगड्याचे फळ आहे. निर्णय वडीलधाऱ्यांच्या हाती ठेवायचा आणि फक्त तारीख पुढे ढकलायची, ही सुधारणा नव्हे.

अर्थात मी सरसकट लग्न करा असे म्हणत नाही. अमेरिकेत एफ-१ व्हिसावर पीएच.डी. करणाऱ्याच्या मागे एफ-२ व्हिसावर जाणाऱ्या जोडीदाराला तिथे नोकरी करता येत नाही. इथली नोकरी सोडून पाच वर्षे तसे राहायचे आहे का, हे त्या जोडीदाराने, बहुतेक वेळा त्या मुलीने, मुहूर्त काढण्याआधी स्वतःला विचारले पाहिजे. इथेही काही गोष्टी आधी ठरायला हव्यात. कोणाच्या गावात राहायचे, स्वयंपाक कोण करणार, प्रबंध लिहिण्याच्या वर्षात सणवार आणि पाहुणे कोण सांभाळणार, मूल कधी, आणि एकाला दुसऱ्या शहरात जागा मिळाली तर जाणार कोण. यावर दोघांचे उत्तर जुळत असेल तर मार्गदर्शकांना तारीख कळवावी, आठवड्याची रजा मागावी आणि लग्न करावे. ‘लग्न तर होऊ दे, शिकायचे असेल तर शिकेल नंतर’ असे उत्तर समोरून आले, तर मात्र तिथे लग्न करू नये. मग प्रबंध चालू असो, सादर झालेला असो, की पदवी हातात असो.