नववा नंबर

नववा नंबर फार वाईट! शिवाजी पार्कच्या महात्मा गांधी जलतरण तलावात एका स्पर्धेत १०० मीटर फ्रीस्टाइलच्या हीट्समध्ये मी नववा आलो. फायनल आठ जणांची, सेमीफायनल नव्हतीच. कपडे बदलून मी थेट कट्ट्यावर!

रूममेट म्हणाला, "घड्याळ खोटं बोलत नाही. मग सेमी कशाला?"

मान्य. पण घड्याळ फक्त त्या एका पोहण्याबद्दल बोलतं. हीट्समध्ये तगडे खेळाडू वेगवेगळ्या गटांत विखुरलेले असतात. शेजारच्या लेनमध्ये आपल्याला खेचणारा कुणी असेलच असं नाही. २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून २०० मीटरपर्यंतच्या वैयक्तिक शर्यतींत पहिले सोळा जण सेमीत पुन्हा पोहतात आणि वेळेनुसार आठ जण फायनलला जातात. ४०० मीटरला मात्र ही सोय नाही. २०२१ साली टोकियोत ट्युनिशियाचा अहमद हफनावी ४०० मीटर फ्रीस्टाइलच्या हीट्समध्ये आठवा, म्हणजे जेमतेम आत आला होता. फायनलमध्ये त्यानेच सुवर्ण जिंकलं! मग नवव्याने काय केलं असतं, कुणास ठाऊक?

सेमीला वेळ जातो, दमछाकही होते, हे खरं. पण एका युनिट टेस्टवरून कुणी आपला वर्षाचा निकाल लावला, तर चालेल का आपल्याला?