कारखाना, मासिक आणि विश्वास

मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ या मासिकांचा सन्मानाने उल्लेख होतो. ती ज्या कारखान्याच्या आवारात जन्मली, त्याला मात्र तळटीपेपुरतेच स्थान मिळते. उद्योगाचे इतिहासकार याच्या उलट करतात. ते नांगर आणि पंप मोजतात व मासिकांना शोभेची वस्तू मानतात. एकाच उपक्रमाचे असे दोन तुकडे केल्याने त्याच्या टिकाऊपणाचे मर्म दोघांच्याही हातून निसटते, असे मला वाटते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली बेळगावात लोखंडी नांगर घडविला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीपायी तो खपेना. पुढे 1910 साली औंधच्या अधिपतींनी देऊ केलेल्या, कुंडल रोड स्थानकाजवळच्या 32 एकर माळावर किर्लोस्करवाडी वसली. नांगर विकावयाचा तर आधी शेतकऱ्याचे मन वळविले पाहिजे, ही जाणीव या उद्योगाला आरंभीच झालेली होती. शंकरराव किर्लोस्करांनी 1920 मध्ये सुरू केलेली ‘किर्लोस्कर खबर’ तिच्याशी सुसंगतच म्हणावी लागेल. कारखान्याचे हे पत्र पाहता पाहता सामान्य वाचकाचे मासिक झाले; 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ त्याच्या जोडीला आले.

या मासिकांनी सुधारणेचा पुरस्कार केला, तो केवळ शब्दांनी नव्हे. वाडीत अस्पृश्यता पाळण्यास मनाई होती; तुरुंगवास भोगून आलेल्यांवर रात्रीची राखण सोपविली जाई. छापील शब्दाला आचरणाचे तारण होते. वाचकाचा विश्वास आणि गिऱ्हाइकाचा विश्वास येथे निराळे राहिले नाहीत.

तथापि हे चित्र निष्कलंक मानणे भाबडेपणाचे ठरेल. घर आणि नोकरी एकाच हाती असली, की कामगाराचे सुख मालकाच्या सद्भावावर टांगलेले राहते. शिकागोजवळच्या पुलमन या उद्योगनगरीत वेतन कापले गेले, घरभाडे मात्र तसेच राहिले. 1894 च्या संपाचे ते एक प्रमुख कारण होते. किर्लोस्करवाडीलाही गांधीहत्येनंतर 1948 साली जाळपोळीला तोंड द्यावे लागले. वेशीच्या आत जोपासलेला विश्वास वेशीबाहेर आपोआप पोचत नाही, हेच त्यातून दिसते. कारखाना पुन्हा उभा राहिला आणि आजही तेथे पंप तयार होतात.

2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम समाजकार्यासाठी खर्चण्याचे बंधन घातले. ते स्वागतार्हच आहे. परंतु ही जबाबदारी नफ्यानंतर सुरू होते. कामावर कोणाला घ्यावे, त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलावे, त्याच्यावर किती भरवसा टाकावा, हे प्रश्न नफ्याच्या आधीचे आहेत. त्यांची उत्तरे हिशेबाच्या वह्यांत सापडत नाहीत. ती पुष्कळदा अशा मासिकांच्या पानांत सापडतात.

म्हणूनच भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी गिरण्या, कारखाने व खाणी यांनी काढलेली पत्रे रद्दी होण्यापूर्वी वाचावीत. उद्योग आपल्या माणसांना काय मानत होता, याची साक्ष त्यांत आहे. आणि ती साक्ष वाङ्मयाच्या इतिहासाचाही भाग आहे.

विजय नगर, जबलपूर