हाताला घड्याळ बांधून ताण जात नाही



गेल्या हिवाळ्यात आमच्या साइटवर सकाळी टूलबॉक्स टॉक झाला. हेड ऑफिसातून वेलबीइंगच्या मॅडम आल्या होत्या, सोबत घड्याळांचा खोका. म्हणाल्या, हे घड्याळ तुमचा एचआरव्ही मोजतं. झोपेत मोजतं, सकाळी ॲपवर रंग दाखवतं. हिरवा म्हणजे तुम्ही ताजेतवाने. लाल म्हणजे थकलेले, ताणात. लाल असेल त्या दिवशी उंचीवरचं काम नाही, आणि आठवड्यात तीन लाल आले तर शनिवारचा ओव्हरटाइम नाही. सगळं तुमच्याच काळजीपोटी. सुपरवायझर म्हणून घड्याळं वाटायचं आणि फॉर्मवर सह्या घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मी ते केलंही.

आमच्यात सोलापूरकडचा एक सळई बांधणारा आहे. पहिल्या आठवड्यात त्याचे तीन लाल आले आणि शनिवार गेला. दुसऱ्या आठवड्यापासून रोज हिरवा. मी म्हटलं, वा, झोप सुधारली वाटतं! तो हसला. म्हणाला, "साहेब, झोपताना घड्याळ खोलीतल्या पार्टनरच्या हाताला बांधतो. त्याचं काम सध्या बंद आहे, तो निवांत झोपतो."

मीही हसलो. घरी गेल्यावर मात्र हसू आलं नाही. गावाकडच्या कर्जाचा हप्ता त्या शनिवारच्या पैशावर चालतो. म्हणजे माणूस थकलेला तो थकलेलाच, चढतोय स्कॅफोल्डवर, आणि कंपनीच्या कागदावर तो हिरवा. उद्या पाय घसरला तर सगळे तोच हिरवा रंग दाखवणार. या असल्या काळजीने त्याचा धोका कमी झाला की वाढला, तुम्हीच सांगा.

म्हणून हे लिहितोय. हा एचआरव्ही काय आहे ते समजून घ्या, कारण ते शास्त्र खरं आहे. खोटा आहे तो त्याचा वापर.

नाडी मिनिटाला ६० असली म्हणून प्रत्येक ठोका बरोबर एका सेकंदाने पडत नाही. एक ०.९५ सेकंदाने, पुढचा १.०४ ने, असं मागंपुढं होतं. श्वास आत घेताना ठोके जरा जलद पडतात, सोडताना सावकाश. शांत बसून मनगटावर बोट ठेवा, काहींना जाणवतंसुद्धा. दोन ठोक्यांमधल्या अंतराचा हा चढउतार म्हणजे एचआरव्ही. आपल्याला वाटतं, चांगलं हृदय म्हणजे इंजिनासारखं एकसारखं चालणारं. तसं नाही. विश्रांतीत हा चढउतार बऱ्यापैकी असणं हे साधारणपणे चांगलं लक्षण आहे.

कारण सोपं आहे. हृदयाला एक ॲक्सिलरेटर आहे आणि एक ब्रेक. ब्रेकचं काम करते व्हेगस नावाची नस. ती मेंदूच्या तळापासून निघून हृदयापर्यंत येते आणि ठोक्याठोक्याला हलका ब्रेक लावते, सोडते. माणूस निश्चिंत असला की हा ब्रेक नीट चालतो. धोका वाटला की मेंदू ब्रेकवरचा पाय काढून घेतो, म्हणजे पळायला किंवा लढायला शरीर तयार. समोर साप असेल तर हे ठीक आहे, दहा मिनिटांत विषय संपतो. पण धोका म्हणजे फोरमनचा आवाज, एजन्सीचा मेसेज, व्हिसाची तारीख असेल तर? तो साप रोज सकाळी सहाला हजर असतो.

याचा मेंदूशी संबंध आहे तो असा. कपाळामागचा मेंदूचा भाग विचार करतो, घाई आवरतो, भीतीला ताब्यात ठेवतो. हृदयाच्या ब्रेकवरही त्याचाच हात असतो, असं ज्युलियन थेयर आणि रिचर्ड लेन या संशोधकांनी २००० साली मांडलं. पुढे २००३ साली नॉर्वेच्या नौदलातल्या खलाशांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांचा विश्रांतीतला एचआरव्ही जास्त, त्यांनी लक्ष ठेवण्याच्या आणि डोक्यात माहिती धरून काम करण्याच्या चाचण्या जास्त चांगल्या केल्या. आता हे साइटवर आणून बघा. हार्नेस अडकवला का? लोड उचलण्याआधी स्लिंग तपासली का? खाली कोणी उभं आहे का? ही सगळी त्याच डोक्याची कामं. ताणात पिचलेला माणूस आळशी नसतो, त्याचं डोकं दुसऱ्याच धोक्यावर पहारा देत असतं.

आता मुद्द्याकडे येतो. हा आकडा कशाने खाली जातो? वय, दारू, आजारपण, अपुरी झोप ही कारणं आहेतच. पण या देशाने स्वतःच्याच नोकरांवर जे मोजलं, ते वेलबीइंगच्या मॅडम सांगत नाहीत. व्हाइटहॉल म्हणजे लंडनमधली सरकारी कचेऱ्यांची गल्ली, आपलं मंत्रालय म्हणा. १९६७ साली तिथल्या पुरुष कर्मचाऱ्यांचा अभ्यास सुरू झाला. समज असा होता की साहेबाला जबाबदारी जास्त, म्हणून हार्ट ॲटॅकही जास्त. निघालं उलटंच. सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या माणसांचं हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण वरच्या साहेबांच्या तिपटीहून जास्त होतं.

मग १९८५ साली मायकेल मार्मट यांच्या पुढाकाराने दुसरा अभ्यास सुरू झाला. ३५ ते ५५ वयाचे १०,३०८ कर्मचारी, त्यात बायकाही होत्या. त्यातून निघालं की आपल्या कामावर ज्याचा स्वतःचा ताबा कमी, त्याला हृदयविकाराचा धोका जास्त. काम कधी करायचं, कसं करायचं, थांबायचं कधी, हे सगळं दुसरा ठरवतो तो माणूस. याच लोकांचा एचआरव्हीही मोजला. खालची श्रेणी आणि कामावर कमी ताबा, तिथे एचआरव्ही कमी. २००८ साली आलेल्या निष्कर्षात, पन्नाशीच्या आतल्या ज्या लोकांवर कामाचा ताण वारंवार होता, त्यांना हृदयविकाराचा धोका सुमारे ६८ टक्के जास्त निघाला.

कोणी म्हणेल, ही माणसं सिगारेट ओढत असतील, तेलकट खात असतील. तेही तपासलं गेलं. सवयी, वाढलेलं पोट, साखर, रक्तदाब यांतून फक्त एक तृतीयांशाच्या आसपास उलगडा होतो. बाकीचं काय? म्हणून पुढच्या वेळी कोणी "तुम्ही इंडियन लोक तळलेलं फार खाता" म्हणालं, तर हे सांगा.

आणि हे सगळे खुर्चीवर बसणारे, पक्क्या नोकरीचे, पेन्शनचे लोक होते बरं का. त्यांची ही गत, तर एजन्सीवर, एका स्पॉन्सरच्या कागदावर, एका खोलीत चौघं राहणाऱ्या माणसाचं काय होत असेल?

"आपली माणसं काटक असतात, अंगमेहनतीने हृदय मजबूत होतं," हे आपलेच मुकादम सांगतात. मीही सांगायचो. चूक आहे. संध्याकाळी मैदानावर पळणं वेगळं आणि दहा तास ओझी उचलणं वेगळं. पळताना दमलात की थांबता, नंतर विश्रांती घेता. साइटवर थांबायचं तुमच्या हातात नसतं. २०१८ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा जड अंगमेहनतीचं काम करणाऱ्या पुरुषांत लवकर मरण्याचा धोका हलकं काम करणाऱ्यांपेक्षा १८ टक्के जास्त दिसला. मनाचंही तसंच. इंग्लंडमध्ये २०११ ते २०१५ या काळात बांधकामावरच्या अकुशल पुरुष मजुरांत आत्महत्येचं प्रमाण सर्वसाधारण पुरुषांच्या तिपटीहून जास्त होतं. हे सरकारी आकडे आहेत.

दुसरा सल्ला असतो प्राणायामाचा. करा, जरूर करा. मिनिटाला सहाच्या आसपास सावकाश श्वास घेतला की त्या वेळेपुरता एचआरव्ही वाढतो, हे खरं आहे. पण सहा दिवस बारा-बारा तास काम लावायचं आणि सातव्या दिवशी श्वास कसा घ्यावा ते शिकवायचं, याला काळजी म्हणत नाहीत. छत गळतंय ते दुरुस्त करायचं सोडून घरच्यांना छत्र्या वाटण्यासारखं आहे हे.

तिसरा प्रश्न सरळ माणसंही विचारतात. थकलेल्या माणसाला वर चढवायचं का मग? नाही, चढवू नका. पण त्याला खालचं काम द्या आणि त्याचे पैसे कापू नका. लाल रंगाची किंमत मजुराने भरायची असेल, तर मजूर लाल रंग लपवणारच. आणि ज्या गँगमध्ये रोज निम्मे लोक लाल येतात, तिथे माणसं बदलायची नसतात, रोटा बदलायचा असतो. काँक्रीटला तडा गेला तर आपण स्लॅबला दोष देत नाही. लोड बघतो, सपोर्ट बघतो, क्युरिंगला वेळ दिला होता का ते बघतो. माणसाच्या बाबतीत एवढी साधी इंजिनिअरिंग का विसरतो?

शिवाय या आकड्यावरून एकट्याने निदान होत नाही. तो माणसामाणसात खूप वेगळा असतो, एकाच माणसाचाही रोज बदलतो. तुमचा आकडा तुमच्याच जुन्या आकड्यांशी पडताळायचा, शेजाऱ्याच्या नाही. त्यावर कोणाचा ओव्हरटाइम ठरवणं म्हणजे हाताने चाचपून काँक्रीटची स्ट्रेंथ सांगणं.

आता हक्काचं ऐका. युकेमध्ये तब्येतीची माहिती ही कायद्याने खास संरक्षण असलेली माहिती आहे. कामगारांवर नजर ठेवण्याबद्दल माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये मार्गदर्शन काढलं. मालक आणि नोकर यांची ताकद सारखी नसते, म्हणून नोकराची सही म्हणजे मोकळ्या मनाची संमती असं सहज धरता येत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये याच कार्यालयाने सर्को लेझर या कंपनीला हजेरीसाठी कर्मचाऱ्यांचे चेहरे आणि बोटांचे ठसे घेणं थांबवायला लावलं. म्हणून घड्याळ समोर आलं की लेखी विचारा: माहिती कुठे जाते, कोण बघतं, किती दिवस ठेवता, आणि नाही म्हटलं तर काय होईल?

आणि घड्याळाच्या आधी तास मोजा. १९९८ च्या वर्किंग टाइम रेग्युलेशन्सप्रमाणे आठवड्याला सरासरी ४८ तास, ही सरासरी साधारण १७ आठवड्यांवर काढतात. दोन दिवसांच्या कामामध्ये ११ तास विश्रांती. सहा तासांपेक्षा जास्त काम असेल तर २० मिनिटांची सुट्टी. आठवड्यातून एक पूर्ण दिवस मोकळा. ४८ तासांचा हक्क सोडल्याची सही तुमच्याकडून भरतीच्या कागदांत घेतली असेल, तर ती मागे घेता येते. निदान सात दिवसांची लेखी नोटीस लागते, करारात लिहिलं असेल तर जास्त, पण तीन महिन्यांपलीकडे नाही. त्यासाठी कामावरून काढता येत नाही. कामाच्या ताणाचा धोका तपासणं हीसुद्धा मालकाची जबाबदारी आहे. एचएसई त्यात सहा गोष्टी बघायला सांगते: कामाचा बोजा, कामावरचा ताबा, आधार, आपसातले संबंध, भूमिका आणि बदल. व्हाइटहॉलमध्ये सापडलेला ताबा तिथे दुसऱ्या नंबरवर आहे.

व्हिसाची भीती मला कळते. स्पॉन्सर सुटला आणि होम ऑफिसने व्हिसा कमी केला की सहसा ६० दिवस मिळतात. म्हणून एकट्याने भांडू नका, रागात राजीनामा टाकू नका. युनियनमध्ये जा. मान्यताप्राप्त युनियनच्या सेफ्टी प्रतिनिधीला १९७७ च्या नियमांप्रमाणे कायद्याने अधिकार आहेत. छातीत दुखलं, हातात किंवा जबड्यात कळ गेली, तर घड्याळाचा रंग बघत बसू नका, ९९९ लावा. जीपीकडे नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. मन फारच खचलं तर समॅरिटन्सचा ११६ १२३ हा नंबर चोवीस तास फुकट आहे. दुबई, कतारला असाल तर कायदा वेगळा आहे, शरीर मात्र हेच आहे.

शेवटी माझ्यासारख्या सुपरवायझरांना. वरून शिवी आली की खाली दामदुपटीने देणारे आपणच. रात्री दहाला "उद्या सहाला या" असा मेसेज टाकणारेही आपणच. मी आता पुढच्या आठवड्याचा रोटा गुरुवारी दुपारी भिंतीवर लावतो. यात कंपनीचा एक पेनीही जात नाही. घड्याळांबद्दल मी वर लेखी कळवलंय, लाल दिवसाचे पूर्ण पैसे द्या, नाहीतर ही योजना बंद करा. उत्तर आलेलं नाही. तोपर्यंत ज्याला घड्याळ परत करायचंय त्याचं मी घेतो आणि का परत केलं ते विचारत नाही.

त्या सोलापूरच्या भावाने पहिल्याच दिवशी परत केलं.