अंगण आपलेच, तरी वाकडे!

कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर नोव्हेंबर २०२५मध्ये भारतीय संघासमोर विजयासाठी अवघ्या १२४ धावांचे लक्ष्य होते. संघ ९३ धावांत गारद झाला. लगोलग गुवाहाटीत दक्षिण आफ्रिकेने ४०८ धावांनी धूळ चारली. धावांच्या हिशेबात भारताच्या कसोटी इतिहासातील हा सर्वांत मोठा पराभव. त्याच्या वर्षभर आधी न्यूझीलंडने बंगळुरू, पुणे आणि मुंबई अशा तिन्ही कसोटी जिंकून मालिका खिशात घातली होती. २०१३पासून मायदेशात सलग १८ मालिका जिंकणाऱ्या संघाची ही अवस्था झाली आहे.

या पराभवांवर पांघरूण घालण्यासाठी ‘संक्रमणकाळ’ हा एक गोंडस शब्द शोधून काढण्यात आला. ज्येष्ठ खेळाडू निवृत्त झाले, तरुणांना वेळ द्यावा, असा त्याचा मथितार्थ. पण न्यूझीलंडकडून मार खाताना अश्विन, जडेजा, रोहित शर्मा आणि विराट कोहली हे चौघेही संघात होते. प्रतिस्पर्धी तरी कोण? श्रीलंकेत दोन्ही कसोटी हरून आलेला, केन विल्यमसनविना खेळणारा संघ. या देशाने त्यापूर्वी भारतात केवळ दोन कसोटी जिंकल्या होत्या, १९६९मध्ये नागपूरला आणि १९८८मध्ये मुंबईला. ज्या मिचेल सँटनरने तोवर कसोटीच्या एका डावात कधी पाच बळी घेतले नव्हते, त्याने पुण्यात एकाच सामन्यात तेरा घेतले. मुंबईत १४७ धावांचा पाठलाग १२१वर संपला. निवृत्ती त्यानंतरच्या आहेत. दुखणे त्याआधीचे आहे.

मग खेळपट्टीला दोष देण्याचा प्रघात सुरू झाला. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण मराठी माणसाला सांगावी लागत नाही. येथे तर अंगण आपणच सारवून घेतलेले! कोलकात्यात अशीच खेळपट्टी संघाला हवी होती, असे प्रशिक्षक गौतम गंभीर यांनी सामन्यानंतर स्वतःच सांगितले. कर्णधार शुभमन गिल मानेच्या दुखापतीमुळे दुसऱ्या डावात फलंदाजीला उतरू शकला नाही, हे खरे. परंतु त्याच खेळपट्टीवर तेंबा बावुमा पाय रोवून उभा राहिला आणि नाबाद ५५ धावा करून गेला. संपूर्ण सामन्यातील ते एकमेव अर्धशतक होते. गुवाहाटीत आखाडाही नव्हता. तेथे पाहुण्यांनी पहिल्या डावात ४८९ धावा केल्या, यजमानांनी २०१. सायमन हार्मर या ऑफस्पिनरने दोन सामन्यांत १७ बळी टिपले. फिरकीच्या देशात फिरकी खेळता येत नाही, हे सत्य कितीही कटू असले तरी गिळलेच पाहिजे.

ही विद्या येथे होती. १९४८मध्ये सुरू झालेल्या कांगा लीगमध्ये मुंबईकर फलंदाज ऐन पावसाळ्यात, ओल्या आणि लहरी खेळपट्ट्यांवर खेळत आले. चेंडू कोणता उसळेल, कोणता बसेल, याचा भरवसा नाही. म्हणून त्याची वाट पाहायची, मऊ हातांनी खेळायचे, अंगावर घ्यायचे, पण विकेट फेकायची नाही. मुंबईचा ‘खडूस’पणा या चिखलातून उगवला. सुनील गावसकर याच संस्कारातला. मार्च १९८७मध्ये बंगळुरूच्या हातभर वळणाऱ्या खेळपट्टीवर, इक्बाल कासिम आणि तौसिफ अहमद यांच्यासमोर त्याने ९६ धावा केल्या. तो त्याचा अखेरचा कसोटी डाव. भारत १६ धावांनी हरला, पण त्या पराभवाची आठवण काढताना कोणाची मान खाली जात नाही.

आज ती विद्या शिकवणारी शाळाच वाऱ्यावर सोडण्यात आली आहे. २०२४-२५ आणि २०२५-२६ या दोन्ही हंगामांत रणजी स्पर्धेचे दोन तुकडे करून मध्ये झटपट सामन्यांच्या स्पर्धा कोंबण्यात आल्या. ऑक्टोबरमध्ये लागलेली लय नोव्हेंबरमध्ये मोडायची आणि जानेवारीत पुन्हा शोधायची! साखळीत संघाच्या वाट्याला सामने येतात सात. आयपीएलच्या साखळीत मात्र चौदा. कोहली जानेवारी २०२५मध्ये रणजी सामना खेळायला उतरला, तो बारा वर्षांनंतर. रोहित दहाएक वर्षांनंतर. तेही ऑस्ट्रेलियात ३-१ असे नाक कापले गेल्यावर मंडळाने फर्मान काढले तेव्हा. त्या सामन्यात रोहित, यशस्वी जयस्वाल, अजिंक्य रहाणे अशा नामवंतांनी सजलेल्या, ४२ वेळच्या विजेत्या मुंबईला जम्मू-काश्मीरच्या मुलांनी मुंबईतच पाच गडी राखून हरवले. त्या मुलांचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

रणजीत घाम गाळणाऱ्याची कदर कशी होते, हेही पाहण्यासारखे आहे. सर्फराझ खानने वर्षानुवर्षे धावांच्या राशी रचल्यावर २०२४मध्ये त्याच्यासाठी कसोटीचे दार उघडले. बंगळुरूत संघ ४६ धावांत कोसळल्यावर दुसऱ्या डावात त्याने दीडशे धावा केल्या. त्यानंतर चार डाव अपयशी गेले आणि ऑस्ट्रेलियात पाचपैकी एकाही कसोटीत त्याला उतरवले नाही. इंग्लंडला तर नेलेच नाही. चौथ्या दिवसापर्यंत टिच्चून खेळण्याचा धडा कोवळ्या खेळाडूने यापुढे कोणाकडे पाहून गिरवावा?

पैशाची अडचण म्हणावी, तर क्रिकेट मंडळ जगात सर्वांत श्रीमंत. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांतून ४८,३९० कोटी रुपये आले. २०२४चा टी-ट्वेंटी विश्वचषक आणि २०२५चा चॅम्पियन्स करंडक घरी आला, त्याचा आनंद रास्तच आहे. परंतु त्या झगमगाटात कसोटीचा अंधार दडवण्याचा मंडळाला अधिकार नाही. रणजीचा हंगाम अखंड खेळवला जावा, कसोटी संघाची निवड त्याच हंगामातील कामगिरीवरून व्हावी आणि दुखापत किंवा राष्ट्रीय संघाचा दौरा वगळता कोणालाही, तो कितीही मोठा असो, त्यातून सवलत मिळू नये. यासाठी एक रुपयाही जास्त लागत नाही. दोन महिन्यांचे वेळापत्रक तेवढे बदलावे लागते.