आधी काटा, मग थाट

'सुधारणा' या शब्दाशी आज मला भांडायचं आहे. म्हणजे शब्दाशी नव्हे, बाजाराने त्याचा जो अर्थ करून ठेवलाय त्याच्याशी. शाळेत मी "निबंध सुधारून आणा" म्हटलं की मुलं हमखास चार वाक्यं वाढवून आणायची. मी लाल शाईने आधी सहा खोडत असे. सुधारणा म्हणजे भर घालणं, हा समज तेव्हा नववीतल्या पोरांचा होता. आता चाळिशी-पन्नाशीच्या शहाण्या माणसांचाही झालाय, आणि तोही अशा ठिकाणी जिथे लाल शाईने भागत नाही, जीवावर बेततं.

विषय आहे आमच्या घरच्या ट्रेलरचा. सांगलीकडच्या मंडळींसाठी थोडं खुलासेवार सांगते. वर्षातले पाच-सहा महिने मी इथे अ‍ॅडलेडला लेकीकडे असते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. इथे गाडीमागे जोडायचं दोन चाकांचं एक गाडं मिळतं. मजबूत पत्र्याची पेटी, मागचं दार उघडलं की स्वयंपाकाचा ओटा, पोटात पाण्याची टाकी, आणि वरच्या लोखंडी सांगाड्यावर घडीचा तंबू. शिडी लावून वर जायचं आणि झोपायचं. कच्च्या रस्त्यांवर नेता यावं म्हणून खालची चाकं उंच आणि पाटे जाडजूड. लेक-जावयांनी असं एक जुनं गाडं घेतलं. पुढच्या हिवाळ्यात ऊडनाडाटा ट्रॅकवर जायचा बेत आहे. मारी ते मार्ला, सहाशे किलोमीटरच्या वर कच्चा रस्ता, वस्ती अगदी तुरळक. आम्ही पाच जण. त्यातले दोघे दहा वर्षांच्या आतले, आणि एक मी, सत्तरी ओलांडलेली.

गाडं दारात उभं राहिलं मात्र, सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. एक पक्ष नातेवाइकांचा: "जुन्या बाजारातलं कशाला? नवं कोरं घ्यायचं की!" दुसरा पक्ष इथल्या हौशी मित्रांचा आणि दुकानदारांचा: "मस्त आहे, आता याला सुधारून घ्या. मोठी छपरी लावा, दुसरी बॅटरी बसवा, वर दिव्यांची पट्टी, मागे आणखी एक फ्रिज..." दोन पक्षांचं एकमेकांशी पटत नसलं तरी दोघांचा मंत्र एकच. पाकीट उघडा!

माझं म्हणणं एवढंच होतं, की आधी याला काट्यावर न्या.

प्रत्येक ट्रेलरवर एक धातूची पट्टी असते. तिच्यावर रिकामं वजन आणि जास्तीत जास्त किती वजन चालेल, हे दोन आकडे असतात. आमच्या पट्टीवर ७८० आणि १४०० किलो. म्हणजे कागदोपत्री ६२० किलो सामान नेता यावं. सार्वजनिक वजनकाट्यावर नेलं तेव्हा टाकी कोरडी, फ्रिज काढलेला, एक चमचासुद्धा आत नाही, आणि वजन भरलं ११९० किलो! पहिल्या मालकाने वर्षानुवर्षे 'सुधारणा' केल्या होत्या ना. तंबू ६५ किलो आणि त्याचा सांगाडा ५५. प्लायवूडचे खण ७५. शिशाच्या दोन बॅटऱ्या ६०. हत्यारांची पेटी ४५. एक जादा चाक असताना हौसेने लावलेलं दुसरं जादा चाक ३५. सायकली अडकवायचा सांगाडा ३०. छपरी २५. फ्रिजची सरकती पाटी २०. बेरीज ४१०. नातवानेच कागदावर मांडली. उरले २१० किलो. त्यातली ११० लिटर पाण्याची टाकी भरली की राहतात १००. त्यात फ्रिज, शिधा, गॅसची टाकी, अंथरुणं आणि पाच जणांचे कपडे बसवा बघू.

आणि आता दुसऱ्या पक्षाचा लाडका युक्तिवाद ऐका: "आपली गाडी तीन हजार किलो ओढते हो, काही होत नाही!" अहो, गाडी ओढते म्हणून ट्रेलरचा आख ते पेलतो, हे कुठल्या गणितात बसतं? बैल दांडगे आहेत म्हणून कोणी गाडीत दुप्पट पोती भरत नसे. आख मोडला तर बैल काय करणार? शिवाय प्रश्न नुसता ओढण्याचा नाही, थांबण्याचा आहे. इथल्या नियमाप्रमाणे ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतातच, ते उगीच नाही.

वजन किती, याच्याइतकंच ते कुठे आहे हेही महत्त्वाचं. माझे वडील शेतकरी. गाडी भरताना ते मागेपुढे जाऊन दहादा बघत. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. पुढे जास्त झाला तर बैलांची मान दबते. ट्रेलरचंही तंतोतंत तेच आहे. एकूण वजनाच्या साधारण दहावा हिस्सा पुढच्या जोडावर यावा, असा इथला सर्वसाधारण ठोकताळा. आमच्या गाड्याचा जोडावरचा भार होता फक्त ६० किलो, म्हणजे पाच टक्के. कारण दुसरं चाक आणि सायकलींचा सांगाडा अगदी शेपटीला! असं गाडं हमरस्त्यावर ताशी नव्वदच्या वेगात शेपूट हलवायला लागतं. एकदा लागलं, की ओढणाऱ्या गाडीलाही फिरवतं. आणि पुढच्या गाडीत नातवंडं बसलेली असतात, महाराज.

मी तीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवला, म्हणून एक जुना धडा सांगते. २० ऑगस्ट १८६० रोजी बर्क आणि विल्स यांची मोहीम मेलबर्नहून निघाली. खंड दक्षिणोत्तर ओलांडायचा होता. सोबत उंट, घोडे, गाड्या आणि सुमारे वीस टन सामान. त्यात देवदारी फळीचं टेबल, खुर्च्या आणि एक चिनी घंटासुद्धा! एक गाडी तर निघायच्या मैदानातच मोडली. मेनिंडीपर्यंतच्या साडेसातशे किलोमीटरला त्यांना जवळजवळ दोन महिने लागले. टपालाची घोडागाडी तेच अंतर आठवड्याहून थोड्या जास्त वेळात कापायची. वाटेत सामान टाकत टाकत गेले ते वेगळंच. पुढे उत्तरेकडून परतताना, २१ एप्रिल १८६१ च्या संध्याकाळी, ते कूपर क्रीकच्या तळावर पोचले. तिथे चार महिने वाट पाहणारी तुकडी त्याच दिवशी सकाळी निघून गेली होती. काही तासांची चुकामूक! बर्क आणि विल्स दोघेही तिथेच आसपास गेले. किंग एकटा वाचला, तो तिथल्या यांद्रुवांधा लोकांनी सांभाळला म्हणून. त्या मृत्यूंची कारणं अनेक आहेत, सगळा दोष टेबलखुर्च्यांवर टाकण्याइतकी मी भोळी नाही. पण ओझ्याने वेळ खाल्ला, हे कोण नाकारील? आणि ज्यांनी त्यांना वाचवलं त्यांच्याकडे टेबल नव्हतं, त्या भूमीची माहिती होती.

म्हणून आमच्या घरी सुधारणा वजाबाकीने सुरू झाली. दुसरं जादा चाक काढलं. त्याऐवजी ट्रेलरची चाकं गाडीच्याच मापाची करून घेतली. गाडीचं एक आणि ट्रेलरचं एक, अशी दोन जादा चाकं आता सहाही ठिकाणी चालतात. सायकलींचा सांगाडा गेला. प्लायवूडचे खण जाऊन प्लास्टिकचे खोके आले, ७५ चे १५ किलो. हत्यारं निवडली, ४५ ची १५ झाली. शिशाच्या दोन बॅटऱ्यांच्या जागी बारा किलोची एक लिथियमची आली आणि ती आखाजवळ बसवली. छपरी उतरवून ताडपत्री आणि दोन काठ्या घेतल्या, पाच किलो. एकूण २२३ किलो कमी. काटा ९६७ वर आला आणि जोडावरचा भार शंभराच्या आसपास.

"मग कंजूषपणा केला म्हणा की!" असं आमच्या धाकट्या दीरांनी फोनवर ऐकवलं. भाऊजी, जरा ऐका. त्या ओसाड मुलखात माणशी दिवसाला पाच लिटर पाणी धरलं, तर आम्हा पाच जणांना रोज २५ लिटर लागतं. एक लिटर म्हणजे एक किलो. ते दुसरं चाक आणि सायकलींचा सांगाडा मिळून ६५ किलो, म्हणजे आमचं अडीच दिवसांचं पाणी! शोभेची प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी तोंडचं पाणी घेऊन गाड्यावर चढते. हा हिशेब दुकानाच्या यादीत कधीच छापलेला नसतो.

पैसे मात्र खर्च केलेच, पण जिथे डोळ्यांना दिसत नाही तिथे. दोन्ही चाकांचे हब उघडून जुनं काळं ग्रीस काढलं, बेअरिंग आणि सील नवे घातले. बैलगाडीखाली वंगणाचं नळकांडं उगीच लटकत नसे. सोबत ग्रीस लावलेला तयार संच ठेवलाय. तापलेला हब ओढ्याच्या गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सील कमजोर असेल तर पाणी आत ओढलं जातं, हे लक्षात ठेवा. दर थांब्याला हबजवळ हात नेऊन बघायचं. एक बाजू फार तापली तर पुढे जायचं नाही. ब्रेक आणि गॅसची जोडणी परवानाधारक कारागिराकडून करून घेतली. त्यात घरगुती हुशारी नको.

आणि तंबू? त्यालाही "फेकून नवा घ्या" म्हणणारे होतेच. कापड शाबूत होतं, फक्त बुरशीचे डाग आणि चार ठिकाणी गळती. साध्या पाण्याने धुतला (साबणाने जलरोधकपणा जातो, बरं का), पूर्ण वाळवला, पुन्हा जलरोधक द्रव लावला, शिवणींवर मेण चोळलं. गादीखाली हवा खेळावी म्हणून जाळीची चटई घातली, कारण रात्री श्वासाची वाफ गार तळावर साठते आणि गादी खालून ओली होते. ओला तंबू मिटायचा नाही, नाइलाजाने मिटला तर घरी येताच उघडायचा, एवढा नियम पाळला की जुना तंबू पुष्कळ वर्षं जातो. सांगाडाही वीतभर खाली घेतला. उंचावरचं वजन खाली आलं, वारा कमी अडतो. तरीही मी वर झोपणार नाही! रात्री-अपरात्री या गुडघ्यांनी शिडी उतरणं हे धाडस नव्हे, अविचार आहे. तंबूला खाली कनातींची एक खोली जोडता येते, तिथे मी आणि नातू.

नवं घ्या म्हणणाऱ्यांना आता उत्तर देते. नवं गाडंसुद्धा दुकानातून निघताना वरच्या सामानासकट किती भरतं, हे काट्याशिवाय कळत नाही. नवेपणा हा रंगाचा गुण आहे, समतोलाचा नाही. आणि जुन्याची एक मोठी सोय असते. ते उघडून बघायची आपल्याला लाज वाटत नाही, भीतीही वाटत नाही. आमच्या नातवाला आज बेअरिंग कुठे असतं ते माहीत आहे. नव्याकोऱ्या गाड्याचं त्याला फक्त स्टिकर पाठ झालं असतं.

घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, अशी आपल्याकडे म्हण आहे. आपल्या हौसेचं ओझं नेमकं कोण वाहतं, हे तिच्यात सगळं आलं. तेव्हा अमेरिकेतल्या, इथल्या आणि पुण्यातल्या ज्या भाचरांनी अशी गाडी नाहीतर गाडं घेतलंय, त्यांना या मास्तरणीचा गृहपाठ: पुढची वस्तू विकत घेण्याआधी रिकामं वजन, भरलेलं वजन आणि जोडावरचा भार, हे तीन आकडे वहीत लिहा. आणि मग मला कळवा, त्यातलं काय काय खोडलंत ते.