पुराव्याचें ओझें कोणाच्या खांद्यावर?

भरतीच्या वेळीं सरकारी वैद्य ज्याची छाती, डोळे व कान तपासून 'निरोगी' असा शेरा मारतात, तोच शिपाई पंधरा वर्षांनीं अपस्मार घेऊन सैन्यांतून परततो, तेव्हां त्याच सरकारास हा रोग 'सेवेमुळें जडलेला नाहीं व सेवेनें बळावलेलाहि नाहीं' असा साक्षात्कार होतो! या एका वाक्यानें अपंगत्वाचें पेन्शन बुडतें. मग मीरा-भाईंदरसारख्या शहरांत राहणाऱ्या माजी सैनिकाच्या वाट्यास पहिलें अपील, दुसरें अपील आणि शेवटीं सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाच्या खेपा येतात.

वस्तुतः १९८२ च्या नियमांखालीं निवृत्त झालेल्यांपुरता हा वाद केव्हांच मिटलेला आहे. सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं धरमवीर सिंग यांच्या खटल्यांत स्पष्ट सांगितलें कीं, भरतीच्या कागदांत रोगाची नोंद नसेल तर शिपाई तेव्हां निरोगीच मानावा. पुराव्याचें ओझें त्याच्यावर नाहीं, आणि संशयाचा फायदा मात्र त्याचा. संरक्षणमंत्र्यांनीं नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेंहि २०१५ सालीं सरकारनें अशीं अपिलें मागें घ्यावींत असेंच सुचविलें.

कोणी म्हणतील, ढोंगीहि असतात. असतील! वैद्यमंडळानें त्यांचें ढोंग सकारण लिहून दाखवावें. ठराविक वाक्याचा शिक्का मारूं नये. जिंकलेल्या शिपायास पुन्हां वरच्या कोर्टांत खेचणें यास आम्ही काटकसर म्हणत नाहीं; तें त्याचें उरलेलें आयुष्य खाणें आहे. सरकारनें असलीं अपिलें सोडावींत आणि थकलेली रक्कम व्याजासह द्यावी, एवढेंच आमचें मागणें आहे.