शंकासुराच्या फांदीवरची अळी

दारातला शंकासूर फुलला की मला तीनशे वर्षांपूर्वीचे एक चित्र आठवते. मारिया सिबिला मेरियन या जर्मन चित्रकर्तीने १७०५ साली ॲमस्टरडॅममध्ये सुरिनामच्या कीटकांवर साठ चित्रांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातल्या एका चित्रात हाच शंकासूर आहे. लाल-पिवळी फुले, नाजूक पाने. आणि त्याच फांदीच्या सोबतीला अळी, कोश आणि पतंग. एका कीटकाचे सारे आयुष्य एका पानावर!

कीटक चिखलातून, कुजक्या पदार्थांतून आपोआप जन्मतात, असे तेव्हा बहुतेक लोक मानत. मेरियनबाई मात्र तेराव्या वर्षापासून रेशमाचे किडे पाळून पाहत होत्या. पुढे बावन्नाव्या वर्षी, १६९९ मध्ये, स्वतःची चित्रे विकून त्यांनी पैसा उभा केला आणि धाकट्या मुलीला घेऊन सुरिनाम गाठले. कोणती अळी कोणते पान खाते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहून रंगवले.

त्यांनी पाहिले तसे ऐकलेही. गुलामीत राबणाऱ्या स्त्रिया शंकासुराच्या बिया गर्भ पाडण्यासाठी वापरतात, आपले मूल गुलाम म्हणून जन्माला येऊ नये म्हणून. हे त्या स्त्रियांनीच सांगितल्याचे बाईंनी लिहून ठेवले आहे. त्या स्त्रियांची नावे मात्र ग्रंथात नाहीत. शोभेचे म्हणून आपण लावतो त्या झुडपामागे एवढे दुःख आहे. ते आपल्यापर्यंत पोहोचले, कारण कोणीतरी फुलापाशी थांबून विचारपूस केली.

आपण थांबतो का? माझ्याच कुंडीतल्या कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या यायच्या. वर्षानुवर्षे मी त्या चिमट्याने उचलून फेकल्या. त्या मोठ्या होऊन हिरव्यागार होतात आणि त्यांचीच पुढे काळी-पिवळी फुलपाखरे होतात, हे फार उशिरा कळले. मुलांना वहीत फुलपाखरू काढायला मीच शिकवले होते आणि खरे फुलपाखरू मीच केराच्या टोपलीत टाकत होते!

निसर्गप्रेमासाठी अभयारण्यातच जायला हवे असे नाही. कढीपत्त्याची एक फांदी अळ्यांसाठी सोडावी. मुलाच्या हाती पेन्सिल द्यावी आणि रोज पाहील तसे काढ म्हणावे. चित्र वाकडे आले तरी चालेल. फोडणीला चार पाने कमी पडतील, एवढाच काय तो तोटा.